सिग्नल पडला

श्रोतेहो, नमस्कार. गाडीची वाट बघताना आपण अजूनही म्हणतो, "सिग्नल पडला, गाडी आली." पण पडायचं काय? पडायचा तो सिग्नलचा हात. तांबडा, टोकाजवळ पांढरा पट्टा असलेला. हात आडवा, तर गाडी उभी. हात पडला, तर गाडी येणार. पुन्हा सांगते, आडवा म्हणजे थांब, पडला म्हणजे ये. काही मार्गांवर तो हात वर जायचा, पण आमच्याकडचा पडायचाच.

माझे मामा मनमाड-औरंगाबाद मीटरगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेमार्गावर, एका लहानशा स्टेशनात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचे, आठ-नऊ वर्षांची असेन. दिवेलागणीच्या आधी मामा दिव्याची काच राखुंडीने लख्ख पुसत, रॉकेल भरत आणि लांबच्या आउटर सिग्नलकडे निघत. मी मागे. एकदा खांबाखाली उभं राहून वर बघितलं. हाताच्या मागच्या बाजूला दोन काचा, एक तांबडी आणि दुसरी चक्क निळी! मी ओरडले, "मामा, चुकीची काच बसवलीय. हिरवी हवी ना?" मामा काही बोलले नाहीत. शिडीने वर गेले, दिवा लावून ठेवला, खाली आले. म्हणाले, "थांब जरा."

अंधार पडू लागला. वर तांबडा ठिपका. मग रुळाकडेच्या कप्प्या करकरल्या, तार ताणली गेली आणि हात खट्कन खाली आला. दिव्यापुढून तांबडी काच सरकली, निळी आली, आणि दिसला हिरवा! "रॉकेलची ज्योत पिवळी असते," मामा म्हणाले. "हळदीच्या पाण्यात कपड्यांची नीळ टाकून बघ." घरी येऊन मी टाकली. मामीचं पातेलं हिरवं झालं आणि मला बोलणी बसली.

त्या स्टेशनावर मातीचे दोन मोठे रांजण असायचे. त्या पाण्याची चव आजच्या बाटलीला नाही, हे माझं ठाम मत आहे. असो.

आता हे हात गेले, रंगीत दिवे आले. त्याची कारणं खरी आहेत. स्टेशनाच्या केबिनमधला खटका, म्हणजे लोखंडी दांडा, ओढून तार ओढायची, ती फार लांब ओढता येत नाही. शिवाय उन्हात तार सैल पडते, थंडीत आखडते. विजेचे खांब आले की त्यांच्या गर्दीत हात लांबून दिसत नाही. रंगीत दिवा दिसतो. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा असे स्वयंचलित दिवे १९२८ सालीच लागले. मोठ्या यार्डांत रुळांवरून आडव्या टाकलेल्या लोखंडी कमानींवर ओळीने हात असायचे. तेही उतरले.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तार तुटली, तर खांबाला लावलेल्या वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा व्हायचा. तार तुटली, तर आडवा, म्हणजे थांब. वीज नाही, यंत्र नाही, नुसतं एक वजन! हे मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून मला मनापासून वाटतं, प्रत्येक जुन्या स्टेशनाच्या आवारात एक हात उभा ठेवावा. नुसता रंगवून नको. खटका, तार, कप्पी सगळं जोडून, मुलांना ओढता येईल असा.

आणि दिव्यापुढची काच निळीच ठेवावी. नमस्कार.