ब्राऊनी एकटी असली की जेवत का नाही?

कोथरूडमधला एक टू बीएचके, सकाळचे साडेनऊ. अजून कुणी बूटसुद्धा घातलेले नाहीत, फक्त गाडीची किल्ली हुकावरून काढली आणि ब्राऊनी उठून दाराशी. शेपटी खाली, जीभ बाहेर, धाप लागल्यासारखी. दार बंद झालं की पाचच मिनिटांत रडणं सुरू, दाराच्या कडेला नखांनी ओरबाडणं, फरशीवर लाळेचं थारोळं. आणि कोपऱ्यात चिकन-भाताचा बाऊल, एक घाससुद्धा कमी नाही.

ब्राऊनी लॅब्रडॉर आहे हे लक्षात घ्या. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रडॉरमध्ये एका जनुकात बदल असतो आणि त्यामुळे त्यांना खाण्याची ओढ जास्त असते. असा कुत्रा चिकनला तोंड लावत नसेल तर ते नखरे नाहीत, तो घाबरलाय. घरचे म्हणतात बघा किती प्रेम आहे आमच्यावर, आमच्याशिवाय जेवत नाही. प्रेम आहेच हो, पण ती दिवसभर भीतीत बसलीय त्याचं काय!

संध्याकाळी आल्यावर कुरतडलेलं दार बघून ओरडू नका. ती मान खाली घालते म्हणजे तिला चूक कळली असं आपल्याला वाटतं, पण कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा येतोच.

आधी जुना मोबाईल लावून रेकॉर्डिंग करा आणि ते व्हेटना दाखवा, कारण दुखणं किंवा लघवीचा त्रासही असू शकतो. मग सराव. किल्ली उचलायची आणि परत सोफ्यावर बसून चहा प्यायचा, दिवसातून बऱ्याचदा, म्हणजे किल्लीची धास्ती जाते. मग दाराबाहेर काही सेकंदच, ती रडायच्या आत परत. हळूहळू वेळ वाढवायचा, ती अस्वस्थ झाली की परत कमी वेळावर यायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर तिला तासन्‌तास एकटं ठेवलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं, म्हणून आजी-आजोबा, शेजारी, डे केअर, जे जमेल ते करा. त्रास फार असेल तर व्हेट फ्लुओक्सेटीनसारखं चिंता कमी करणारं औषध देतात, पण ते मनानं सुरू करायचं नाही.

आता जेवण. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दोन वेळा, ठरलेल्या वेळी, आणि सकाळचं फिरून आल्यावर, निघायच्या गडबडीत नाही. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये घट्ट करा, चाटत बसते छान, पण ते तुम्ही घरी असतानाही द्या, नाहीतर ते खेळणं दिसलं की तिला कळणार, चालले हे. आणि दिवसभर एकटी होती बिचारी म्हणून रात्री तूप-पोळी, ग्लुकोज बिस्किटं भरवणं कृपा करून थांबवा, वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीजच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर अजिबातच नको.

पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर बाऊल उचला, असं सगळे सांगतात. खाण्यात चोखंदळ कुत्र्याला ते चालतं, ब्राऊनीला नाही, तिला उपाशी ठेवून भीती जाणार नाहीये. तिचं मुख्य जेवण माणसं घरात असतानाच होऊ दे. आणि सगळे घरी असूनही दिवसभर तोंड लावलं नाही, तर वाट न बघता व्हेटकडे न्या.