कुंभारकन्येच्या बाजूने

सोलापुरात दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास एक लग्न लागते. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतील भक्त ते उंच ध्वज तोलत सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी आणतात आणि तेथे जमलेला समुदाय अक्षता टाकतो. वर आहेत बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर. मात्र ते स्वतः बोहल्यावर नाहीत, त्यांच्या जागी त्यांचा योगदंड आहे. वधू आहे एका कुंभाराची मुलगी. त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या या मुलीने त्यांच्याशीच विवाह करण्याची इच्छा बोलून दाखवली, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली आणि त्यानंतर ती होमात सती गेली, असे आख्यायिका सांगते. म्हणूनच अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात आणि होम पेटवतात.

सारे शहर जिच्या लग्नाला जाते, तिला बहुतेक सगळे ‘कुंभारकन्या’ एवढ्याच नावाने ओळखतात.

जुन्या कथा दुर्लक्षित स्त्रीच्या बाजूने, अद्भुताचा आधार घेऊन नव्याने सांगण्याकडे अलीकडे अनेकांचा ओढा आहे. या कथेत अद्भुत बाहेरून आणावे लागत नाही, ते मुळातच आहे. प्रश्न आहे तो आवाजाचा. त्याच शतकातील कन्नड संत कवयित्री अक्क महादेवीनेही चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे प्रत्यक्ष शिवाला, पती मानले होते; पण तिची वचने उरली, त्यामुळे तिचे मन आपण तिच्याच शब्दांत वाचू शकतो. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे अभंग आहेत. कुंभारकन्येच्या नावावर एक ओळही नाही. तिच्याविषयी आपल्याला ठाऊक आहे ते तिने काय मागितले आणि तिचे शेवटी काय झाले, एवढेच.

अशा वेळी लेखकाला एक सोपी वाट मोहात पाडते. तिच्या हाती तलवार द्यावी, तोंडी आजची भाषणे घालावीत, सिद्धरामेश्वरांना निष्ठुर ठरवावे आणि मोकळे व्हावे. आमच्या मते ही वाट तिला पुन्हा एकदा गप्प करणारी आहे, कारण तिने केलेले खरे धाडस त्यात झाकून जाते. आपल्या लग्नाची मागणी तिने स्वतः घातली होती, मध्यस्थ न पाठवता, आणि तीही अशा पुरुषाला, ज्याच्याकडे सारे गाव वरदान मागायला जात असे. या एका वाक्यापाशी थांबले, तरी कादंबरीभर मजकूर निघेल.

तिचे जग कसे असेल, हे शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहरात कुंभार वेस आहे, आणि संक्रांतीची सुगडी आजही चाकावरूनच उतरतात. हातचाकावर काम चालते तेथे जड चाकाच्या कडेला एक खाच असते. तीत काठीचे टोक अडकवून चाकाला जोराने गरगर फिरवतात आणि मग काठी बाजूला ठेवून मातीच्या गोळ्यावर ओले हात टेकवतात. परंपरेने चाकावर बसतो तो बहुधा पुरुष. माती चाळणे, भिजवणे, तुडवणे आणि तयार भांडी उन्हात मांडणे ही कामे घरातील बायकामुलींची.

योगदंडाकडे या मुलीच्या नजरेने पाहिले, की तो निराळा दिसू लागतो. इतरांसाठी ती योग्याची खूण. तिच्या घरात मात्र काठी म्हणजे चाकाला गती देणारी वस्तू, जिला हात लावण्याची तिला एरवी मुभा नसावी. त्या दिवशी तीच तिच्या हाती येते. होमाचेही तसेच आहे. कुंभाराच्या घरात वाढलेल्या मुलीला आव्यातील, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीतील, आग ठाऊक असते: कच्चे मडके पाण्यात विरघळते, भाजलेले विरघळत नाही. अशी मुलगी होमाकडे पाहताना काय मनात आणेल, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कल्पित कथेला आहे. मात्र त्या आगीला गोंडस करण्याचे स्वातंत्र्य कथेने घेऊ नये, असे आम्हाला वाटते. एक मुलगी जळाली, असे कथा सांगते आणि पेंढीची वधू दरवर्षी त्याच जागी उभी राहते.

म्हणून ही कथा तिच्या बाजूने सांगताना आम्ही जो प्रसंग लिहून पाहिला, तो होमाचा नाही. अक्षता पडून गेल्या आहेत, रात्र झाली आहे, बाप दमून झोपला आहे. ती दंड घेऊन चाकापाशी येते, त्याचे टोक खाचेत टेकवते आणि सगळा भार देऊन चाक फिरवते. दंड भिंतीला उभा करून ती खाली बसते. चाक अजून फिरत आहे, आणि ते थांबण्याआधी तिला एक सुगडे घडवायचे आहे.