पुणे ते पणजी, मदतनिधीसाठी सायकलने: निघण्याआधी टीमने काय ठरवायचं

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण पुण्याहून पणजीला सायकलने गेलो. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, चार दिवस. भोरकडच्या वाड्यांवरून लांबच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाव्यात, यासाठी निधी उभा करायचा होता. परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, "सायकल कोणती लागते?" गिअरची, आपल्या मापाची, दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग केलेली. झालं. आता पैशांचं बोलू, कारण टीम फुटते ती तिथे.

आमची फुटायची वेळ आली होती. सुरुवातीला देणग्या आमच्यातल्याच एकाच्या खात्यावर यूपीआयने यायच्या. माणूस अगदी सरळ. पण त्याच खात्यातून लॉजचा ॲडव्हान्स गेला, जर्सींचे पैसे गेले. मग देणगी दिलेल्या एका आजींचा मला फोन आला. "माझ्या हजार रुपयांत तुमचं जेवण तर नाही ना धरलंय?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रात्री सगळे बसलो. खर्च झालेली रक्कम वर्गणी काढून भरली आणि ठरवलं: यापुढे देणगी थेट सायकली देणाऱ्या संस्थेच्या खात्यात, आमच्या हातून एक रुपयाही नाही. राहणं, जेवण, सपोर्ट गाडीचं डिझेल, सगळं ज्याचं त्याने. तुम्ही हे पहिल्याच मीटिंगला ठरवा.

संस्थेला ८०जी, म्हणजे आयकर खात्याची नोंदणी, आहे का, ते विचारा. असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तरी सवलत जाते. पॅन नंबर देणगी घेतानाच घ्या, नाहीतर मार्चमध्ये शंभर जणांना फोन करत बसावं लागतं.

आणि तो अमेरिकेतला मावसभाऊ, "मी डॉलर पाठवतो" म्हणणारा. तो तिकडचा नागरिक झाला असेल तर थांबा. परदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे २०१० च्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती देणगी परदेशी धरत नाहीत.

(स्क्रीनवर नकाशा: पुणे, सातारा, कोल्हापूर, आंबोली, पणजी)

आता रस्ता. पहाटे पाचला स्वारगेटहून निघालो, जुन्या कात्रज घाटाने. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि पुढे खंबाटकी. तिथे जे झालं, ते सांगायला मला जड जातंय. आम्ही चौघं जोरात होतो, पुढे निघून गेलो. सपोर्ट गाडीही आमच्यामागेच आली, कारण पाणी आणि केळी आम्हीच मागत होतो. आमच्यातल्या एक काकू, वय अठ्ठावन्न, सगळ्यात मागे. घाटाच्या मध्यावर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. बाजूने ट्रक जातायत आणि आपलं माणूस कुणी नाही. पंचवीस मिनिटं त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. मी तेव्हा वरती चहा पीत होते.

त्या संध्याकाळी साताऱ्यात नियम बदलले. सपोर्ट गाडी कायम शेवटच्या सायकलीमागे. टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, पुढे नाही. आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरच्या थांब्यावर विश्रांतीची दहा मिनिटं मोजायची ती शेवटचा माणूस पोहोचल्यापासून. हे नीट ऐका. बहुतेक टीममध्ये होतं काय, की मागचा धापा टाकत येतो आणि पुढचे म्हणतात, "चला, निघू या." ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना ओळीच्या मध्ये घेतलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी १५ वरून ३० वर गेलात तर तो दुप्पट नाही, चौपट होतो. पुढचा माणूस तो झेलतो आणि मागच्याला पायडल हलकं जातं. म्हणून दणकट असेल त्याने पुढे राहायचं, दर दहा मिनिटांनी बदली करायची. हायवेवर एकाच ओळीत, आणि नवखे असाल तर अंतर जरा जास्त ठेवून. काकू त्या दिवशी कोल्हापूरपर्यंत हसत आल्या.

आमच्यात दोघं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल राइड, करणारे होते. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते आणि प्रत्येक जण आपापल्या जिवावर चालवतो. त्यांनाच हळू चालवणं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी राहण्याचं काम त्यांनीच मागून घेतलं.

सराव तीन महिने करा. बोपदेव घाट, सिंहगड रस्ता, हे आहेच. पण शनिवारी ८० किलोमीटर केलेत तर रविवारी पुन्हा ६० करा. दुखऱ्या अंगाने दुसऱ्या दिवशी सीटवर बसता येतं का, ते तेव्हा कळतं. तहान लागायची वाट पाहू नका. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

चौथ्या दिवशी आंबोलीचा उतार. सकाळी धुकं असतं, उजाडल्याशिवाय निघू नका. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आणि वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. पणजीला मांडवीच्या पुलावर अकराही जण एकत्र चढलो, काकू पुढे.

फेब्रुवारीत संस्थेने सायकली दिल्या. हिशोबाचा कागद सगळ्या देणगीदारांना पाठवला, आजींकडे मात्र मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "वाटेत पंक्चर झाली तर पोरीने काय करायचं गं?"

ते आम्ही धरलंच नव्हतं. या वर्षीच्या निधीत प्रत्येक सायकलीमागे पंप आणि पंक्चरचं सामान धरलंय, आणि पंक्चर काढायला शिकवायला आम्ही दोन रविवार भोरला जाणार आहोत.