काम करता करता: अलीकडचे गे सिनेमे बघायचे कसे, सुचवायचे कुणाला

[पडदा काळा. कात्रीचा आवाज. मग निळं रेशमी कापड, सुई, सोनेरी दोरा. माणूस दिसत नाही, नुसते हात.]

मोरोक्कोतल्या साले शहराच्या जुन्या पेठेत हलीम नावाचा एक शिंपी आहे. काफ्तान शिवतो, सगळं हातानं. एकेका काफ्तानाला एवढा वेळ लागतो, की गिऱ्हाइकं वैतागतात. त्यांना गप्प करायचं काम त्याची बायको मीना करते आणि फार चोख करते. मग दुकानात यूसुफ नावाचा तरुण काम शिकायला येतो. हलीम त्याला टाका दाखवतो.

मरियम तूझानी या दिग्दर्शिकेचा 'द ब्लू काफ्तान' २०२२ साली आला. मोरोक्कोत समलैंगिक संबंध आजही दंडसंहितेच्या ४८९व्या कलमाखाली गुन्हा आहेत. त्या देशातल्या या सिनेमात ओढ आहे, लाज आहे, आणि ती जवळजवळ सगळी कापडावरून फिरणाऱ्या बोटांत आहे. सिनेमा फक्त दोन पुरुषांचा असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात हलीमचं मीनावरही प्रेम आहे, खरंखुरं. तिघांपैकी कुणालाच दिग्दर्शिकेनं खलनायक केलेलं नाही.

[पडद्यावर: एकामागून एक पोस्टर. उघडी छाती, समुद्र, मावळता सूर्य. पुन्हा उघडी छाती.]

अलीकडचे चांगले गे सिनेमे कुठले, असं विचारलं की लोक याद्या देतात. नाव, साल आणि एक ओळ: दोन तरुण भेटतात, प्रेमात पडतात, जग आड येतं. ही ओळ शंभर सिनेमांना लावता येते, म्हणून ती कुणाच्याच उपयोगाची नाही. ओटीटीचं तर विचारूच नका. एक सिनेमा बघितलात की पुढचे वीस तसलेच समोर येतात, आणि त्यांत साम्य असतं ते फक्त पोस्टरचं.

मी एक वेगळा प्रश्न लावून बघते. यातली माणसं पोटासाठी काय करतात?

प्रश्न विचित्र वाटेल. पण गेल्या दहाएक वर्षांतले मनात राहिलेले सिनेमे आठवून बघा. त्यांत माणसाची आधी ओळख होते ती त्याच्या कामातून. त्याला कारणही आहे. जिथे दोन पुरुषांना जवळ बसायला सबब लागते, तिथे काम ही सगळ्यांत सोयीची सबब. कुणी विचारत नाही. शेजारी शेजारी उभं राहता येतं, हाताला हात लागतो, आणि कॅमेऱ्याला बघायला काहीतरी ठोस मिळतं.

[पडद्यावर: धुकं, दगडी बांध, मेंढ्या.]

इंग्लंडच्या यॉर्कशरमधला जॉनी घरची मेंढ्यांची शेती एकटा ओढतो. वडील आजारी, घरात कुणी कुणाशी बोलत नाही, रात्री दारू. कोकरं जन्मायच्या हंगामात रोमानियाहून गेओर्गे हा मजूर येतो. फ्रान्सिस ली यांचा 'गॉड्स ओन कंट्री', २०१७ सालचा. ली स्वतः यॉर्कशरमध्ये शेतावर वाढलेले. जॉश ओकॉनर आणि अलेक सेकारेआनू या नटांना त्यांनी चित्रीकरणाआधी शेतावर राबवून घेतलं, आणि ते दिसतं. यात एक प्रसंग आहे: आई नसलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीनं जवळ करावं म्हणून गेओर्गे तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं सोलतो आणि या जिवंत कोकराला अंगरख्यासारखं घालतो. वासानं मेंढी फसते, पाजू लागते. मेंढपाळांची ही जुनी युक्ती आहे. जॉनी नुसता बघत राहतो. हा माणूस काय आहे हे त्याला इथे कळतं, आणि आपल्यालाही. सिनेमातले बाकीचे प्रेमप्रसंग मी विसरेन, हा नाही.

आता मराठीत येऊ.

[पडद्यावर: माळ, शेळ्या, काटेरी निवडुंग आणि त्यावरची लाल फळं.]

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो इथल्या चित्रपटगृहांत लागला. कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा, आणि वडील गेल्यानंतरच्या त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकातल्या माणसाला करायला काही नसतं. करायला नसतं म्हणून सगळे त्याच्या लग्नाचं काढतात. मामा, काका, आत्या, सगळे. आईला ठाऊक आहे, ती सांभाळून घेते. या गर्दीतून सुटायची एकच वाट: लहानपणीचा दोस्त बाळ्या शेळ्या घेऊन माळावर निघाला की त्याच्यासोबत जायचं. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांनी ही माळावरची जवळीक इतकी सहज ठेवलीय, की ती नेमकी कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. पार्श्वसंगीत नाहीच. कॅमेरा दूर थांबतो, घाई करत नाही. पहिली पंधरा मिनिटं जड गेली तर उठू नका. सुतकाचे दिवस असेच जातात.

जयश्री जगताप यांनी केलेली आई हा या सिनेमाचा कणा आहे, असं माझं मत. मुलाला समजून घेणारी आई पडद्यावर आली की तिला हमखास एक भाषण मिळतं. इथे नाही. ती कामात असते.

'ग्रेट फ्रीडम' २०२१ चा, ऑस्ट्रियाचे सेबास्टियन मायझे यांचा. हा तुरुंगात घडतो, त्यामुळे काम सक्तीचं. जर्मनीच्या दंडसंहितेतलं, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं १७५ वं कलम नाझींनी आणखी कडक केलं होतं. नाझी गेले, पण पश्चिम जर्मनीत ते कलम त्याच रूपात १९६९ पर्यंत राहिलं. म्हणजे छळछावणीतून सुटलेल्या समलैंगिक माणसाला उरलेली शिक्षा भोगायला थेट तुरुंगात पाठवलं जायचं. सिनेमातल्या हान्सचं तेच होतं. त्याच्या हातावर छावणीतला नंबर गोंदलेला आहे. कोठडीतला सोबती व्हिक्टर खुनी आहे, त्याला हान्सची किळस येते. पण तो नंबर बघितल्यावर तोच म्हणतो, ये, झाकून देतो. आणि जमेल त्या साधनांनी नंबरावर गोंदण करतो. फ्रान्झ रोगोव्स्की यांचा चेहरा त्या वेळी बघा. हा सिनेमा प्रेमकथा म्हणून सुचवला की लोक बुचकळ्यात पडतात. वीसहून जास्त वर्षांत दोन माणसांचं एकमेकांशी काय होत गेलं, याचा तो सिनेमा आहे.

व्हिएतनामच्या 'व्हिएत अँड नाम'मध्ये, २०२४, दोघं कोळसा खाणीत काम करतात. जमिनीखालच्या अंधारात त्यांच्याभोवती कोळशाचे कण चमकतात आणि क्षणभर आपण आकाशाखाली आहोत असं वाटतं. त्यांच्याच देशात तो दाखवायला बंदी आहे. संथ आहे, युद्धात हरवलेल्या बापाचा शोधही त्यात आहे, आणि झोप आलेली असताना बघायचा नाही.

[पडद्यावर: स्विमिंग पूल, उन्हाळी घर, रिकामी सायकल.]

याच्या उलट बाजूला सुट्टीवरचे सिनेमे आहेत. 'कॉल मी बाय युअर नेम' सर्वांना माहीत आहे: १९८३ चा उन्हाळा, उत्तर इटली, फळांच्या बागा. २०१७ मध्ये आला, आणि त्याच्या पटकथेसाठी जेम्स आयव्हरी यांना ऑस्कर मिळालं तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. सुंदर आहे, वाद नाही. पण मला त्यातल्या लोकांची काळजी वाटत नाही. त्यांच्याकडे वेळ आहे, घर आहे, समजूतदार बाप आहे. ज्यांना तो जीव की प्राण आहे त्यांनी रागवावं, हरकत नाही.

हिंदीत 'बधाई दो'मध्ये, २०२२, पोलिस अधिकारी आणि शाळेतली खेळाची शिक्षिका घरच्यांची तोंडं बंद करण्यासाठी एकमेकांशी लग्न करतात. हसता हसता बराच पल्ला गाठतो. आणि थोडा जुना असला तरी 'अलीगढ'चं नाव घ्यायलाच हवं, कारण तो काम हिरावून घेतलेल्या माणसाचा सिनेमा आहे. अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांना २०१० मध्ये निलंबित केलं गेलं. उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि काही दिवसांतच ते गेले. मनोज बाजपेयी यांनी त्यांचं एकटेपण लताबाईंचं गाणं ऐकत बसलेल्या एका लांब प्रसंगात उभं केलंय. मराठीच्या या मास्तरांवरचा सिनेमा मराठी घरांत कितीसा पोचला, हे मला कधी कधी खटकतं.

आता सुचवण्याबद्दल. इथेच खरी गंमत आणि खरी जबाबदारी.

वयानं मोठ्या माणसांसाठी मी मल्याळम 'काथल'चं नाव घेते. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचं नाकारलं. पुढच्याच महिन्यात जिओ बेबी यांचा हा सिनेमा लागला. तेव्हा बहात्तर वर्षांचे असलेले मम्मुट्टी, मल्याळम पडद्यावरचं केवढं मोठं नाव, स्वतःच्या निर्मितिसंस्थेतून ही भूमिका करतात. त्यांचा मॅथ्यू पोटनिवडणुकीला उभा आहे. प्रचार चालू, कार्यकर्ते दारात, आणि बायको ओमनानं घटस्फोटाचा अर्ज दिलाय. ज्योतिका यांची ओमना चिडचिड करत नाही. तिला स्वतःला सुटायचंय आणि त्यालाही सोडवायचंय. मॅथ्यू आणि ड्रायव्हिंग शिकवणारा तंकन यांचा एकही प्रेमप्रसंग पडद्यावर नाही. काहींना ही माघार वाटली. मला ती त्या दोघांची सवय वाटते. इतकी वर्षं ते असेच जगले.

दुसरा, हाँगकाँगच्या रे युंग यांचा 'ऑल शॅल बी वेल', २०२४. अँजी आणि पॅट या दोघी चाळीसहून जास्त वर्षं एकत्र राहतात, घरच्यांनाही हे ठाऊक आहे, सणाला सगळे त्यांच्याकडेच जेवतात. पॅट अचानक जाते. मृत्युपत्र नाही. घर तिच्या नावावर, म्हणजे कायद्यानं भावाचं. आणि प्रेमानं वागणारी माणसं किती सावकाश, किती सभ्यपणे बदलतात! जागेवरून ज्या घरात एकदा तरी वाद झालाय त्या घरात हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला टेडी, म्हणजे अशा सिनेमांसाठीचा खास पुरस्कार, मिळाला.

पुरस्कारांचं नाव निघालंच आहे तर शोधायची वाट तीच. बर्लिनचा टेडी १९८७ पासून, व्हेनिसचा क्वीअर लायन २००७ पासून, फ्रान्सच्या कान महोत्सवाचा क्वीअर पाम २०१० पासून. त्याच वर्षी मुंबईत 'कशिश' सुरू झाला. या महोत्सवांत कुठला जिंकला यापेक्षा स्पर्धेत कुठले होते ते बघा. हरलेल्यांत बरंच काही सापडतं. नंतर दिग्दर्शकाचा माग काढा: 'ऑल शॅल बी वेल' आवडला तर युंग यांचाच 'सुक सुक' बघा, त्यात उतारवयातला टॅक्सीवाला आहे. तो बाहेर 'ट्वायलाइट्स किस' या नावानं मिळतो आणि 'साबर बोंडं' 'कॅक्टस पेअर्स' म्हणून, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाका.

या पुरस्कारांचा एक तोटाही आहे. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या 'मॉन्स्टर'ला २०२३ चा क्वीअर पाम मिळाला आणि जी गोष्ट सिनेमा दीड तास लपवून ठेवतो ती बातमीतच फुटली. मीही आत्ता तेच केलं म्हणा.

एक मात्र फोडूनच सुचवते. बेल्जियमचा 'क्लोज', २०२२. तेरा वर्षांची दोन मुलं, जिवलग. शाळेतल्या एका प्रश्नानं त्यांच्यात फट पडते, आणि त्यातला एक मुलगा जीव देतो. हे आधी न सांगता कुणाला तो बघायला लावणं बरोबर नाही, रहस्य गेलं तरी चालेल.

आणि ज्याच्याबद्दल नुसता अंदाज आहे, अशा मित्राला 'तुझ्यासाठीच आहे बघ' म्हणून यातलं काही पाठवू नका. चारचौघांत तर नाहीच. सिनेमा आवडला असेल तर त्यातल्या मेंढ्यांबद्दल बोला, निवडणुकीबद्दल बोला. पुढचं बोलायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

[पडद्यावर: मेणाची नळी फिरतेय. खरखर. दूरचं गाणं.]

२०२५ च्या सिनेमांपैकी 'द हिस्टरी ऑफ साउंड'मध्ये पॉल मेस्कल आणि जॉश ओकॉनर पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत गावोगाव पायी हिंडून लोकगीतं मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतात. काहींना तो थंड वाटला. मला गाणी गोळा करणारा पूर्वार्ध पुरेसा उबदार वाटतो, उत्तरार्ध लांबतो. 'पिलियन'मधला कॉलिन गाड्यांना दंडाच्या पावत्या लावत फिरतो आणि एका देखण्या बाइकवाल्याच्या हुकमात राहायला लागतो. हा विनोदी आहे, बराच धीट आहे, आणि घरच्यांसोबत बघायचा नाही, एवढं सांगून ठेवते.

पहिला कुठला बघू, असं विचारलंत तर 'द ब्लू काफ्तान'. दोन तासांचा आहे. फोन बाजूला ठेवून बघा, कारण त्यातलं निम्मं बोलणं हातांचं आहे आणि ते सबटायटलमध्ये येत नाही.