नंबर वाढवून गळती थांबत नाही

(सांगलीत परिचारिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जत, कवठेमहांकाळकडून लघवी तुंबलेले आजोबा मिरजेला येतात, तेव्हा बऱ्याचदा आधी कुठंतरी मूत्राशयात नळी (कॅथेटर) घालून झालेली असते. नातेवाइकांची तक्रार ठरलेली: "सिस्टर, कडेनं लघवी गळतीय, जरा मोठी नळी घाला की." आणि आपल्यातलं कुणीतरी १६ नंबरची काढून १८ ची घालतं. माझा आक्षेप तिथं आहे.

पाकिटावरचा आकडा हे फ्रेंच माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तोही बाहेरचा व्यास. १८ नंबरची नळी ६ मिलिमीटर जाड झाली. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी फुगा असतो, तो बाहेरून पाण्यानं भरतात. फुगा भरायच्या तोंडाचा रंग १४ ला हिरवा, १६ ला नारिंगी, १८ ला लाल. रात्रपाळीला सोय आहे, पण पाकीट वाचायचा कंटाळा नको.

मोठ्या बाईला १२ किंवा १४ पुरते, पुरुषाला १४ किंवा १६. नवजात बाळाला ५ नंबरची फीडिंग ट्यूब (दूध पाजायची बारीक नळी, तीच इथं वापरायची), वर्षाच्या आत साधारण ६, शाळेआधीच्या वयात ८, शाळकरी पोरांना ८ ते १०, बाराच्या पुढं १० ते १४. अंगकाठी बघा, सगळी दहा वर्षांची पोरं सारखी नसतात. लहान नळीचा फुगा ३ किंवा ५ मिलिलिटरचाच असतो. जेवढं छापलंय तेवढंच भरा, आणि निर्जंतुक पाणी भरा. सलाईनचे खडे धरले तर फुगा रिकामा होत नाही, मग सगळ्यांचीच पळापळ.

आता गळती. फुगा मूत्राशयाला टोचत राहतो, मूत्राशय आखडतं आणि लघवी कडेनं बाहेर ढकलतं. जाड नळी, मोठा फुगा घातला की हे आखडणं वाढतंच. म्हणून आधी चादर उचला. नळी मांडीखाली दुमडलीय का? लघवीची बॅग खाली लटकवायची सोडून कॉटवर ठेवलीय का? जीपमधून येताना तर ती सर्रास पेशंटच्या पोटावर असते! गाळ, गुठळी अडकलीय का, चार दिवस शौचाला झालंय का, तेही विचारा. जाड नळीनं मूत्रमार्ग आतून दाबला जातो, तिथं व्रण पडतो, आणि पुढं मार्ग आकसला की तोच माणूस पुन्हा लघवी तुंबून येतो.

अपवाद आहेत. रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तर २० ते २४ ची तीन तोंडांची नळी लागते, तिसऱ्या तोंडातून मूत्राशय धुता येतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसात बारीक नळी वळून परत येते. तिथं १६ किंवा वाकड्या टोकाची नळी बरी. अडली तर जोर लावायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

एक लांबीचंही ध्यानात ठेवा. बायकांची आखूड नळी पुरुषाला घातली तर फुगा मूत्रमार्गातच फुगतो. पुरुषात नळी फाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाला तिची दोन तोंडं फुटतात तिथपर्यंत) आत जाऊ द्या, लघवी आलेली बघा, मगच पाणी भरा. भरताना पेशंट कळवळला, तर तिथंच थांबून भरलेलं पाणी काढून घ्या. केसपेपरवर नंबर, तारीख आणि फुग्यात किती मिलिलिटर भरलं, तिन्ही लिहा.