क्षमा झाली, पुढे काय?

मंडळी, ख्रिस्तांवांचं बरं आहे, कुमसाराला जायचं, पाद्रीच्या कानात सांगायचं, की झालं पाप साफ, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, थोडी असूयाच असते. भोगल्याशिवाय सुटका नाही, हे ऐकत आपण वाढलो, आणि शेजाऱ्याला मात्र सूट मिळते की काय, अशी ती असूया. पण बायबल उघडून पाहिलं तर तिथेही भोग कुणाला चुकलेला नाही.

येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला तो गुन्हेगार घ्या. आपल्याला आपल्या करणीचं फळ मिळतंय, असं तो स्वतःच पलीकडे टांगलेल्या दुसऱ्या गुन्हेगाराला सुनावतो. मग येशूला म्हणतो, माझी आठवण ठेव. आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं उत्तर त्याला मिळतं. ना चौकशी, ना अट. इतकी तडकाफडकी क्षमा साऱ्या बायबलात क्वचितच सापडेल. तरी त्याला खाली कोणी उतरवलं नाही. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत मरावेत म्हणून शिपायांनी त्या दोघा गुन्हेगारांचे पाय मोडले, असं योहान लिहितो. म्हणजे त्यातले दोन पाय क्षमा झालेल्या माणसाचे होते.

दावीद राजाचं प्रकरण याहून अवघड. बथशेबा दुसऱ्याची बायको. तिला आपल्यापासून दिवस गेल्यावर दावीदाने तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. तसा हुकूम सेनापतीला लिहिला आणि ते पत्र उरीयाच्याच हाती पाठवलं! नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यावर राजा कबूल झाला, आणि परमेश्वराने तुझं पाप दूर केलं असं नाथानाने तिथल्या तिथे सांगितलं. पण त्याच दमात हेही सांगितलं, की मूल जगणार नाही, आणि तलवार तुझं घर सोडणार नाही.

लेकराचा काय दोष? हे मला आजही पचत नाही, आणि ते सहज पचवून दाखवणाऱ्या पंडितांवर माझा विश्वासही नाही. तलवारीचं मात्र कळतं. पुढे दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहिणीवर हात टाकतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम त्याला मारवतो आणि शेवटी बापावरच उठतो. बाईवर हक्क सांगायचा, आड येईल त्याला दुसऱ्याच्या हातून संपवायचा. घरात दिसलं तेच पोरांनी उचललं. त्यासाठी आकाशातून वेगळी शिक्षा यायची गरजच नव्हती.

कॅथलिक शिकवण हा फरक स्पष्ट मांडते. पापाने देवाशी तुटलेलं नातं क्षमेने जुळतं; पापाने जगात केलेली मोडतोड तशीच राहते, ती निस्तरावी लागते. समजा, एकाने रात्री बांधावरचा दगड हात-दोन हात सरकवून शेजाऱ्याच्या भाटातले दोन माड आपल्यात घेतले. कुमसारात बसलेला जाणता पाद्री आधी दगड जागेवर ठेवायला सांगेल. दगड सरकेल हो. पण तोवर कोर्टात हेलपाटे घालून शेजारी म्हातारा झालेला असतो, दोन्हीकडची पोरं एकमेकांचं तोंड बघत नसतात. ते कुठल्या प्रार्थनेने भरून काढायचं? ही उरलेली शिक्षा चर्चने दिलेल्या सवलतीने कमी होते का, यावरून 1517 साली जर्मनीतला धर्मसुधारक लूथर उठला आणि युरोप दुभंगला. त्या वादात आज शिरत नाही.

आपल्या गोव्याचंच बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी भागातली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव त्यांच्या हद्दीबाहेर हलवले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. 1583 मध्ये कुंकळ्ळीत जेझुइट संघाचे पाच धर्मप्रसारक मारले गेले, आणि पुढे बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ मानकऱ्यांची, कत्तल झाली. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाकडे क्षमा मागितली. गोव्याचं नाव त्यात नव्हतं. असतं तरी मंगेश कुठ्ठाळीला परतला नसता.

आणि क्षमा करायची तरी कुणी? मारणारे नाहीत, मेलेलेही नाहीत. आजचा कुंकळ्ळीचा ख्रिस्ती गावकार त्याच मारल्या गेलेल्यांचा वंशज आहे. म्हणूनच शिगम्यात फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण सत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, मिरवणुकीने आपल्या मूळ गावी, कुंकळ्ळीला येते, तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, त्या मानात ख्रिस्ती घराण्यांचाही वाटा असतो. गुलाल उडतो, आणि देवी पुन्हा फातर्प्याला जाते. तिला कायमची कुंकळ्ळीला आणू, असा हट्ट दोन्हीकडचे शहाणे लोक धरत नाहीत. चारशे वर्षांत फातर्पाही तिचं घर झालंय, आणि ते घर मोडायचं म्हणजे आणखी एक हिशेब उघडायचा.

आता तुमचे प्रश्न घेतो.