सहाव्या बोटाची माणसं

(दृश्य: जकार्ता, गेलोरा बुंग कार्नो स्टेडियम. २९ ऑगस्ट २०१८. ८०० मीटरच्या रेषेवर मुली उभ्या. एकीच्या जबड्यावर चिकटपट्टी.)

ही स्वप्ना बर्मन. स्पर्धेच्या तोंडावर दाढ दुखायला लागली, म्हणून जबड्यावर ही पट्टी. आशियाई क्रीडा स्पर्धेतलं हेप्टॅथलॉन चालू आहे. दोन दिवसांत सात प्रकार, आणि त्यातले सहा आटोपलेत. उंच उडीत ती १.८२ मीटर उडाली, भाला ५०.६३ मीटरवर टाकला. या दोन्हींत सगळ्यांच्या पुढे तीच होती. चीनच्या वांग चिंगलिंगवर आता तिची ६४ गुणांची आघाडी आहे. म्हणजे या शेवटच्या शर्यतीत वांग चार-पाच सेकंदांनी पुढे निघाली, तर सुवर्ण हातचं जाणार.

कॅमेरा चेहऱ्यांवरून फिरतोय. आपण मात्र खाली बघू या.

(चित्र थांबतं. स्वप्नाचे बूट.)

या बुटांत बारा बोटं आहेत. दोन्ही पायांना सहा-सहा. आणि बूट बाजारातले, पाच बोटांच्या पायासाठी बनवलेले.

(चित्र पुन्हा सुरू. बंदुकीचा बार. निवेदन नाही. दोन फेऱ्या.)

२ मिनिटं २१.१३ सेकंद. वांग मागेच राहिली. एकूण गुण ६०२६. याआधी सोमा बिस्वासनं २००२ आणि २००६ मध्ये रौप्य आणलं होतं, जे. जे. शोभानं त्याच दोन्ही वेळी कांस्य, प्रमिला अय्यप्पानं २०१० मध्ये कांस्य. आशियाई हेप्टॅथलॉनचं सुवर्ण भारतात पहिल्यांदा आणलं ते या पायांनी.

(दृश्य: जलपाईगुडीजवळचं घोषपाडा. टीव्हीसमोरून उठून आई घरातल्या कालीमातेच्या देव्हाऱ्याकडे धावते. मूळ आवाज तसाच. निवेदन नाही.)

(शीर्षक)

(दृश्य: गर्भातल्या हाताचं रेखाचित्र, हळूहळू आकार घेणारं.)

सहावं बोट येतं कुठून? गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतो तेव्हा हाताच्या जागी वल्ह्यासारखी एक चपटी पट्टी असते. तिच्यात बोटांच्या रेषा उमटतात, मधल्या पेशी विरघळतात आणि बोटं सुटी होतात. किती बोटं, कुठलं बोट कुठे, हे ठरवणारा एक रासायनिक इशारा करंगळीच्या बाजूकडून पसरत असतो. हा इशारा जिथे नको तिथेही उमटला, की एक रेषा जास्त पडते. पाचशे ते हजार बाळांमागे साधारण एका बाळाच्या बाबतीत असं होतं. पुष्कळदा ही गोष्ट आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते, आणि बाकी प्रकृती एकदम ठणठणीत असते.

आपल्याकडे कुणी अशा बाळाला नशीबवान म्हणतं, आणि त्याच घरात कुणीतरी दोरा शोधायला लागतं. घट्ट बांधायचा, बोट काळं पडून गळून जाईल. असं घरच्या घरी करू नये; जंतुसंसर्ग होतो, मागे दुखरा गोळा राहतो. ज्या बोटात हाड नाही, सांधा नाही, ते डॉक्टर काढायला सांगतात आणि ते रीतसर काढावंही. पण ज्या बोटात हाड आहे, जे हलतं, त्याच्याबद्दल इतकी घाई कशाला?

(दृश्य: स्वान्सी, ३१ ऑगस्ट १९६८. कृष्णधवल. डावखुरा फलंदाज, चेंडू पुन्हा पुन्हा प्रेक्षकांत.)

गारफील्ड सोबर्स. एका षटकात सहा षटकार, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. बीबीसीचे कॅमेरे त्या दिवशी मैदानात होते, म्हणून आज आपल्याला हे बघता येतंय. फटका संपल्यावर बॅट कुठे थांबते ते बघा. मनगटं बघा.

हे हात बार्बाडोसमध्ये जन्मले, १९३६ साली, प्रत्येकी सहा बोटं घेऊन. एक बोट नऊ-दहा वर्षांचे असताना गळून पडलं. दुसरं त्यांनी चौदा-पंधराव्या वर्षी स्वतःच काढलं, मुळाशी तात आवळून आणि धारदार सुरी वापरून. म्हणजे ज्या वयात हात क्रिकेट शिकतो, त्या वयातलं बरंचसं क्रिकेट ते बारा आणि मग अकरा बोटांनी खेळलेत. पुढे त्याच हातांनी नाबाद ३६५, कसोटीत ८०३२ धावा आणि २३५ बळी. वेगवान, फिरकी, मनगटी फिरकी, सगळं डाव्या हातानं.

मुंबईकरांनी हे हात जवळून पाहिलेत. डिसेंबर १९६६, ब्रेबॉर्न स्टेडियम. वेस्ट इंडीजचे कर्णधार सोबर्स, आणि भारताकडून त्याच सामन्यात कसोटीत उतरलेला आपला अजित वाडेकर. पाच वर्षांनी वाडेकर कर्णधार म्हणून वेस्ट इंडीजला गेले आणि सोबर्सच्या संघावर मालिका जिंकून आले.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. गिटारच्या तारांवर डावा हात. कॅमेरा बोटांवर सावकाश सरकतो.)

मोजा. सहा आहेत. हे थिओडोर रूझवेल्ट टेलर, मिसिसिपीत जन्मलेले, शिकागोच्या ब्लूज संगीत वाजवणाऱ्यांमध्ये हाउंड डॉग टेलर म्हणून ओळखले जाणारे. दोन्ही हातांना सहा बोटं होती. उजव्या हाताचं जास्तीचं बोट त्यांनी एका रात्री दारूच्या नशेत वस्तऱ्यानं कापून टाकलं. डाव्या हाताचं राहिलं, आणि ते या छायाचित्रात स्पष्ट दिसतंय, त्यांनी लपवलेलं नाही. लॉस एंजेलिसचे जॅझ पियानोवादक हॅम्प्टन हॉज यांनाही जन्मतः प्रत्येक हाताला सहा बोटं होती. ती जन्मानंतर लगेच काढली गेली.

(दृश्य: बेसबॉल. फ्लोरिडा मार्लिन्सचा गोलंदाज चेंडू फिरवत उभा. उजव्या हाताचा क्लोजअप.)

अंतोनियो अल्फोन्सेका. डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. हातांना सहा-सहा, पायांना सहा-सहा; आजोबांनाही तशीच होती. खेळाडू त्याला ‘एल पुल्पो’ म्हणायचे, म्हणजे ऑक्टोपस. सामना अटीतटीचा झाला की शेवटी याला आणायचे, हातातली आघाडी राखण्यासाठी. २००० सालच्या हंगामात त्यानं असे ४५ सामने राखून दिले, अमेरिकेतल्या नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. लोकांना वाटायचं, चेंडू वळतो तो सहाव्या बोटामुळे. हा क्लोजअप नीट बघा, ते बोट चेंडूला लागतच नाही. श्रेय मनगटाचं आहे आणि सरावाचं आहे.

(दृश्य: मुंबई. सिनेमाच्या पोस्टरवरचा हात.)

हा हात ओळखायला नावाची गरज नाही. हृतिक रोशनच्या उजव्या हाताला दोन अंगठे. २००३ च्या ‘कोई... मिल गया’मध्ये तो जास्तीचा अंगठा थेट कथेतच आला. परग्रहावरून आलेल्या जादूलाही तसाच अंगठा दिला होता. त्या वर्षी शाळेत जाणाऱ्या, सहा बोटांच्या मुलांना काय वाटलं असेल?

आणि गुजरातेत हिंमतनगरला देवेंद्र सुथार. प्रत्येक हाताला सात बोटं, प्रत्येक पायाला सात. एकूण २८, २०१४ मध्ये गिनीज बुकानं नोंद घेतली. व्यवसाय सुतारकामाचा. लाकूड कापताना चौदा बोटं सांभाळायची असतात, आणि ते सांभाळतात.

(दृश्य: अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य. चाको कॅन्यनचं वाळवंट, प्यूब्लो बोनितो या मूळ अमेरिकन लोकांच्या जुन्या वस्तीतल्या पडक्या दगडी खोल्या. भिंतीवरच्या गिलाव्याचं छायाचित्र.)

या खोल्या साधारण हजार वर्षांपूर्वीच्या. भिंतीच्या ओल्या गिलाव्यात उमटवलेलं हे पाऊल बघा, सहा बोटांचं. पुरातत्त्वज्ञांनी इथले ९६ सांगाडे तपासले. त्यातल्या तिघांच्या उजव्या पायाला सहावं बोट होतं, हे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. एकाच्या सहा बोटांच्या पायात नक्षीदार अलंकार होता, दुसरा पाय मोकळा. ज्या पायाला सहा बोटं, तोच सजवलेला. इथल्या लोकांना लिपी नव्हती, पण त्या पावलांना मान होता एवढं या भिंतीवरून कळतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. टेबलावर सहा बोटांचा हात, सेन्सर लावलेले. मग बुटाची नाडी.)

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातले संशोधक, आणि त्यांच्याबरोबर लंडन आणि लोझानमधले सहकारी. त्यांच्यासमोर एक आई आणि तिचा मुलगा होते, दोघांनाही अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक जास्तीचं बोट. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या बोटाला स्वतःचे स्नायू, स्वतःच्या मज्जातंतू, आणि मेंदूतही स्वतःची वेगळी जागा. इतर बोटांपासून सुटं ते हलवता येतं. आपल्याला ज्या कामाला दोन हात लागतात, त्यातली काही कामं ते एका हातानं करतात. बुटाची नाडी बांधणं हे त्यातलंच.

(नाडी बांधली जाते. निवेदन नाही.)

(दृश्य: कोल्हापूर. चप्पल लाईनमधलं छोटं दुकान. कारागीर कागद पसरतो, त्यावर ग्राहकाचं पाऊल.)

आता बूट.

कारखान्यातला कुठलाही बूट एका साच्यावर चढवून बनवतात. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाऊलच तो. कारागीर त्याला फर्मा म्हणतात. लांबी बदलली की नंबर बदलतो, पण फर्म्याचा घाट तोच, पुढे निमुळता होत जाणारा. सहावं बोट जिथे असतं, करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, नेमका तिथेच फर्मा आत वळतो. मोठ्या नंबरचा बूट घेतला तर रुंदी थोडी मिळते, पण टाच सैल पडते. टाच सैल असली की धावताना पाय आत सरकतो, आणि सरकला की पुढे बोटं चेपतात.

इथे कोल्हापुरात बघा काय चाललंय. पाऊल कागदावर ठेवलं. पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ ओढली, प्रत्येक बोटाला वळसा घालून. मग पायाच्या सगळ्यांत रुंद भागाला दोरीनं वेढा. मग चवड्याची उंची. ज्याचं माप घेतलं त्याला कारागीर विचारतो, ‘दाब कुठं येतोय दादा? हिथं का हितं?’ त्या जागेवर खूण. चामड्यावर हीच आकृती, मग रापी. चामडं ओलं करून कापायचं, कडा तासायची, वादीनं शिवायचं. अंगठ्याची जागा ग्राहकाच्या अंगठ्यावरूनच ठरते. सहा बोटांचा पाय आला तर इथे नवं यंत्र लागत नाही. पेन्सिल एक वळसा जास्त घेते.

धावपटूच्या बुटाचं काम अर्थातच याहून अवघड आहे. तळव्याला खिळे असतात आणि ते चवड्याच्या हाडांखाली बरोबर यावे लागतात. पाय रुंद झाला की दाब वाटला जातो वेगळ्या रेषेत, मग खिळ्यांची मांडणी बदलावी लागते. शिवाय हेप्टॅथलॉनमध्ये एका जोडावर भागत नाही. उंच उडीच्या बुटाला टाचेखालीही खिळे, भालाफेकीचा घोट्यापर्यंत, गोळाफेकीचा गुळगुळीत तळाचा, धावण्याचा हलका. त्या प्रत्येकात सहावं बोट बसायला हवं.

स्वप्नाचे वडील सायकल रिक्षा ओढायचे. २०१३ मध्ये पक्षाघात झाला आणि अंथरुणाला खिळले. आई चहाच्या मळ्यात कामाला. ज्या घरात साधा जोड घेणं अवघड, तिथे मापाचा जोड कोण शिवून देणार? कोलकात्याच्या साई केंद्रात, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, सुभाष सरकार सरांनी तिला घडवलं, तेही बाजारातल्याच बुटांत. १७ व्या वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पाचवी आली ती त्याच बुटांत. २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत विजेती झाली ती त्याच बुटांत. सरावाला ते फार त्रास देतात, हे तिनं जगाला सांगितलं जकार्त्याचं सुवर्ण गळ्यात पडल्यावर. सांगत ती आधीही होतीच. ऐकलं तेव्हा गेलं.

(दृश्य: जर्मनीतलं हर्झोगेनाउराख, आदिदास कंपनीचं गाव. पाऊल मोजण्याचं यंत्र. पडद्यावर तळव्याचा रंगीत नकाशा.)

साईनं आदिदासशी संपर्क केला आणि कंपनीनं तिच्या पायांचं माप घेऊन खास बूट बनवले. जकार्त्यानंतर २०१९ ला दोह्यात आशियाई अजिंक्यपदाचं रौप्य, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार, २०२३ ला बँकॉकमध्ये पुन्हा रौप्य.

(दृश्य: कोल्हापूर. कागदावर पूर्ण झालेली सहा बोटांची आकृती.)

तुमच्या घरात असा पाय असेल, तर दुकानात पुठ्ठ्यातला जोड मागण्याआधी हा कागद घेऊन जा. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. उभं राहून घ्या, बसून नको. दोन्ही पायांचं वेगळं घ्या, कारण सहावं बोट दोन्हीकडे सारखं नसतं. वाढत्या वयाचं मूल असेल तर दर सहा महिन्यांनी नवा कागद. आणि माप घेताना कारागिरानं रेघ सरळ ओढली, तर त्याला थांबवा आणि सांगा: दादा, इथं अजून एक बोट आहे.